माझ्यावर, माझ्यापुढे नव्हे

माझ्या अंगावर सात जागी लोकर झिजली आहे. एक कपाळाची, चार बोटं रुंद. दोन तळव्यांच्या, दोन गुडघ्यांच्या आणि खाली पायांच्या बोटांच्या दोन. उजव्या गुडघ्याची सर्वांत खोल, कारण माझा माणूस उठताना त्याच गुडघ्यावर भार द्यायचा. मित्रांनो, मी एक जुनी जानमाज आहे, नमाजेसाठी अंथरतात तो छोटा गालिचा.

विणकराने माझ्यावर एक साधी कमान काढली. त्याची बायको म्हणाली, "एखादा मोर तरी काढा, बरा खपेल." तो म्हणाला, "नमाजीसमोर मोर नाचला, तर त्याचं मन कुणापुढे वाकणार?"

मला एका घड्याळवाल्याने नेलं. तीस वर्षं मी त्याच्याकडे होते. दिवसातून पाच वेळा तो डोळ्याचं भिंग काढायचा, बोटांचं तेल साबणाने धुवायचा, हात-तोंड-पाय धुऊन वजू करायचा आणि मला अंथरायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "बसा पाच मिनिटं. त्या दारात शिपाई नाही, चिठ्ठी आत द्यावी लागत नाही. आपणच थेट जायचं, फक्त वेळेवर." मग कपाळ टेकवायचा. माझ्यावर, माझ्यापुढे नव्हे.

एके दुपारी कपाळ टेकवून सजद्यात गेलेला तो उठलाच नाही.

"भाग्याचं मरण," लोक म्हणाले. शेजारच्या शिंपिणीने मला डोळ्यांना लावलं आणि रेशमात गुंडाळून कपाटावर ठेवलं. मग एकेक जण येऊ लागला. कुणाला नोकरीसाठी माझा धागा हवा, कुणाला पाठदुखीवर झालरीचा तुकडा. वर्षभरात माझी एक बाजू भुंडी झाली. कसरीनेही इतकं खाल्लं नसतं. मित्रांनो, मला डोक्यावर घेऊ नका. अंथरा, झिजू द्या आणि फाटले की माझ्या चिंध्यांनी फरशी पुसा.

घड्याळवाल्याची बायको, त्या घरातली आजी, सगळं बघत होती. हे चूक आहे हे तिला ठाऊक होतं. पण येणारा प्रत्येक जण तिच्या नवऱ्याची एखादी आठवण सांगून जायचा आणि ती ओठांवर आलेलं गिळून टाकायची.

मग चार वर्षांच्या नातीला ताप आला. सुनेने मला खाली काढलं आणि पोरीला माझ्यात घट्ट गुंडाळलं. लोकर ऊब धरून ठेवते, दुसरं तिला काही येत नाही. मी पोरीचे श्वास मोजत होते. सकाळी मिनिटाला चाळीस होते, दुपारी साठ.

"दवाखान्यात नेऊ या," आजीचा मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

"आजचा दिवस थांबा," सून म्हणाली. "अब्बांची बरकत आहे यात."

"घाई कशाला?" शिंपीण म्हणाली. "माझी पाठदुखी नाही का थांबली?"

"तुझी पाठदुखी शिलाईयंत्र बंद पडलं म्हणून थांबली," मुलगा म्हणाला आणि आईकडे बघू लागला.

आजीने नातीच्या मानेला हात लावला. तो तिने चटकन मागे घेतला.

"काढ हे तिच्या अंगावरून," ती सुनेला म्हणाली. "यात काही नाही. तुझ्या सासऱ्यांच्या हातातही काही नव्हतं, तेही मागणारेच होते. मी वर्षभर तोंड शिवून बसले, तो गुन्हा माझा. मागायचं ते एका अल्लाहकडे मागू. गाडीत बसून मागू. ऊठ."