चार स्क्रूंची पाटी

संग्रामने पुण्याहून पितळी पाटी करून आणली तेव्हाच मी म्हटलं होतं, "अरे, इथे ल्यूकनमध्ये कुठल्या आयरिश माणसाच्या दारावर नाव बघितलंस का? नुसता नंबर असतो." पण ऐकेल तो माझा नवरा कसला! "घर आपलं, मग नाव नको?" म्हणाला, आणि चार स्क्रू मारून 'खळदकर' लावून मोकळा झाला. वर मराठीत, खाली इंग्रजीत. अख्ख्या एस्टेटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, नाव असलेलं दार आमचं एकच.

सोमवारी त्याच पाटीचा फोटो एस्टेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आठवडाभर एक अर्ज फिरत होता, बाहेरून आलेल्यांना आता इथे घरं नकोत म्हणून. दोन माणसं दारोदार सह्या घेत होती. त्यांच्यातल्याच एकाने फोटोखाली लिहिलं होतं, 'यांना कुणाला विचारून आणलं? आता लोक ठरवतील.' मी घाबरून तो संग्रामला दाखवला.

संग्राम मात्र थंड. "नीलिमा, आपल्याकडे कागद आहेत. नागरिकत्व आहे, घर नावावर आहे. कायद्यापुढे कुणाचं चालतं?"

"अँड्र्यू जॅक्सनचं चाललं," आमची क्षितिजा जेवता जेवता म्हणाली. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत. भांडायला काही अडत नाही. सोळा वर्षांची आहे, शाळेसाठी इतिहासाचा प्रकल्प करतेय, अमेरिकेच्या सातव्या अध्यक्षावर. त्याचे आईबाप याच बेटाच्या उत्तरेकडून तिकडे गेलेले. सामान्य माणसांचा भारी लाडका. शपथ घेतली त्या दिवशी लोक चिखलाच्या बुटांनी त्याच्या घरात घुसून खुर्च्यांवर चढले होते म्हणे.

"त्या लोकांना चेरोकींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन हवी होती," ती म्हणाली. "चेरोकींकडेही कागद होते, बाबा. स्वतःची लिपी, वर्तमानपत्र, राज्यघटना, सगळं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. "हरले ना?" मी विचारलं.

"छे! निकाल त्यांच्या बाजूने लागला. जॅक्सनने तो नुसता कागदावर पडू दिला. लोक त्याच्या बाजूने होते ना."

संग्रामचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग आता आपली सुटका नाही असं वाटून त्यांच्यातल्या मूठभरांनी जमीन सोडायच्या करारावर सही केली. सरकारने ती सगळ्यांची सही मानली. बाकी हजारोंनी विरोध लिहून दिला, कुणी जुमानला नाही. पुढचा अध्यक्ष आला आणि सैनिक दारात उभे."

"बास कर!" मी ओरडले. भीती वाटली की मी ओरडते, स्वभावच मेला तसा.

गुरुवारी संग्राम सँडीफोर्डला ऑफिसला गेला, क्षितिजा शाळेत. खिडकीतून बघते तर ते दोघं सहीवाले कोपऱ्यावर उभे, आमच्या दाराकडे बोट दाखवतायत. ते पुढच्या गल्लीत वळेपर्यंत मी थांबले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही स्क्रू काढले. पाटी स्वयंपाकघरातल्या कपाटात, त्या कागदांच्या फायलीखाली दडवली. हुश्श केलं आणि चहा टाकला. आता आमचंही दार सगळ्यांसारखं.

साडेचारला क्षितिजा आली ती बुटांसकट थेट आत. "पाटी कुठे गेली?"

"पॉलिशला काढलीय," मी थाप मारली.

तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या दाराचा फोटो. चार भोकं, आणि मधे न विटलेल्या रंगाचा चौकोन. खाली लिहिलेलं, 'एक घर गेलं. ग्रँड, छान झालं. बाकीचेही जातील.' त्यावर एकेचाळीस अंगठे. त्यांत एक समोरच्या मॉरीनचा. दर दिवाळीला माझ्या हातच्या चकल्या मागून नेणारी मॉरीन!

"पण आपण कुठे गेलोय?" मी म्हणाले.

"आई, तूही सही केलीस."

हे ती मराठीत म्हणाली. रागावली नव्हती, रडत होती. मला इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

मी कपाट उघडलं, पाटी काढली. दार उघडलं. क्षितिजाने पाटी दाबून धरली, मी स्क्रू पिळायला लागले. घाईत एक स्क्रू खालच्या खडीत पडला तो सापडलाच नाही. समोर मॉरीनचा पडदा हलला.

"मॉरीन!" मी रस्त्यापलीकडे ओरडले. "आम्ही इथेच आहोत!"

पडदा बंद झाला. तीन स्क्रूंवर पाटी वाकडी बसली. क्षितिजाने ती एकदा सरळ करून पाहिली, मग सोडून दिली. आम्ही दोघी आत आलो आणि मी दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.