कचेरीच्या ओट्यावरून

"अहो, पोलीस कोण होणार?" सिनेमावाल्या राजेश्वरी मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि सगळं गाव खाली मान घालून पायाचे अंगठे बघू लागलं. सिनेमा तालुक्याच्या कचेरीवर गेलेल्या बेचाळीसच्या मोर्चाचा, आणि शूटिंगही तिथंच. टोपी घालून गोळी खायला अख्खी तालीम तयार होती. खाकी कपडे मात्र खुर्चीवर तसेच पडून होते. इंग्रजाची चाकरी सिनेमातसुद्धा कुणाला नको होती.

"मी हुतो," धैर्यशील म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. फौजेतून हवालदार होऊन परतला, तरी गावाच्या लेखी तो पोलिसाचा नातूच. त्याचा आजा कोंडीबा त्या दिवशी तालुक्याच्या याच कचेरीच्या ओट्यावर बंदूक घेऊन उभा होता, आणि त्याच्या गोळीनं स्वतःच्याच गावचा माणूस गेला. "धुरळा लय हुता, म्होरं कोन हाय दिसलंच न्हाई," असं आजा मरेपर्यंत सांगायचा. घरानं ते बोलणं देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं होतं.

खरंच दिसत नसेल का, हा किडा धैर्यशीलच्या डोक्यात लहानपणापासून वळवळायचा. ओट्यावर तो कितीदा उभा राहिला होता. पण रिकाम्या रस्त्यावरून काय कळणार? समोर मोर्चा हवा होता.

मोर्चा आला. मॅडमनी मोठे पंखे लावून असा धुरळा उडवला, की बेचाळीस सालानंही हात जोडावेत. धैर्यशीलनं लाकडी बंदूक खांद्याला लावली आणि सवयीनं एक डोळा मिटला. गर्दीवर नेम धरता येत नाही, माणूस निवडावा लागतो, हे फौजेत पहिल्यांदा शिकवतात.

धुरळा रस्त्यावरच राहिला. ओटा चांगला उंच होता, आणि तिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती. तालमीतला जयराज दिसला, विश्वजीत दिसला. पुढं झेंडा घेऊन अर्जुना होता. कोंडीबाच्या गोळीनं गेलेल्या माणसाचा हा नातू आज हट्टानं आज्याचंच काम करत होता. त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा दिसलं. धैर्यशीलनं बंदूक खाली घेतली, पुन्हा खांद्याला लावली.

अर्जुना पडला.

"मध्येच बंदूक खाली घेतलीत ते फार छान झालं!" मॅडम म्हणाल्या.

अर्जुना कपडे झटकत उठला. "मारलंस की रं गड्या मला! चल, घरी च्या पिऊ."

"तू हो म्होरं," धैर्यशील खाकी कपडे उतरवत म्हणाला.

घरी आई, बनुबाई, भाकरी थापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "दिसत हुतं व्हय रं?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"दिसत हुतं, आये. समदी तोंडं."

बनुबाईनं भाकरी तव्यात टाकली. तिच्यावर पाणी फिरवून झाल्यावर म्हणाली, "मामंजी अर्जुनाच्या आळीतनं कवा गेलं न्हाईत. गुडघं गेलं, तरी वढ्याकडनं येढा घालून यायचं. म्या आपली म्हनायची, म्हाताऱ्याला चालायची लय हौस."

धैर्यशील उठला. मग चपला पायात घालत म्हणाला, "अर्जुनानं च्याला बोलावलंय."

"जा," बनुबाई म्हणाली. "आळीतनंच जा."