वैरी परदेशातलाच हवा

आमगावपासून सायकलीच्या टप्प्यात असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच होती. वैरी मात्र भरपूर, कारण वैऱ्यांची तिथे नियमाने निगा राखली जाई. वैऱ्यावर प्रेम करा असं प्रभूने सांगून ठेवलं, पण कोणत्या रविवारी कोणी करायचं हे सांगायचं राहून गेलं. ती उणीव गावच्या मंडळीने भरून काढली. दर रविवारी उपासनेत एका घराची पाळी. घरच्या कर्त्या माणसाने उभं राहायचं, आपल्या वैऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची.

प्रथा चांगली होती. अडचण एवढीच की वैरीही त्याच बाकांवर बसलेले असत. कलाबाईने एकदा "प्रभू, माह्या जावेच्या जिभेले जरा आराम दे" अशी कळवळून प्रार्थना केली, तर जाऊ तिथेच उठली. म्हणाली, "माह्यासाठी कायले प्रार्थना करून राहिली? पहिले माहा पाटा वापस कर." मग ते पाट्याचं भांडण नाताळपर्यंत पुरलं.

शेवटी १९९९ साली मंडळीचा पंच गुणवंता याने ठराव मांडला: यापुढे प्रार्थनेतला वैरी भारताबाहेर राहणारा असावा. सगळे हात वर गेले. त्या साली सरहद्दीवर लढाई होऊन गेली होती, वैऱ्यांची टंचाई नव्हती. गुणवंताच्या शहाणपणाचं कौतुक झालं. पुढच्या रविवारी पाळी गुणवंताचीच आहे आणि त्याचा खरा वैरी खिडकीजवळच्या बाकावर बसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कौतुकाच्या वेळी असल्या गोष्टी कोणी काढत नाही.

तो वैरी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ चैनलाल. चैनलालने एका परदेशी कंपनीच्या धान-बियाण्याची एजन्सी घेतली होती. कंपनीने त्याला हिरवी टोपी दिली होती, आणि ती घातल्यापासून तो पावसाबद्दलही कंपनीच्या वतीने बोलायचा. त्या साली आपल्या धानाच्या बांधीतलं जास्तीचं पाणी काढायला त्याने दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडला, आणि गुणवंताची नुकती उगवलेली लाखोळी बुडाली. तेव्हापासून बोलणं बंद. ठराव झाला नसता तर त्या रविवारी गुणवंताला उभं राहून सख्ख्या भावाचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा त्याने बगदादचा हुकूमशहा घेतला.

पुढे अमेरिकेतले ते मनोरे पडले आणि मंडळीत गर्दी उसळली. प्रत्येकाला गुहेतला दाढीवालाच हवा. पाळक केवळराम यांनी चिठ्ठ्या टाकल्या. दाढीवाला कलाबाईला लागला. मंडळीतल्या संजूचा जवसाचा तेलघाणा परदेशी पामतेलाने बंद पाडला होता, म्हणून त्याने जागतिक व्यापार संघटना मागून घेतली. पाळक म्हणाले, "संजू, संघटनेवर प्रेम करताना डोळ्यापुढं कोणाले आणशील?" संजूने विचार करून टायवाला एक लठ्ठ कारकून ठरवला आणि त्याच्यावर प्रेम करायला लागला.

कलाबाईला तर आपल्या वैऱ्याचा लळाच लागला. "प्रभू, गुहेत थंडी असन. त्याले बुद्धी दे, अना एखादी घोंगडी दे." हे बाहेर कळायला किती वेळ लागणार. मुन्नालाल नावाचा पोलीस शिपाई चौकशीला आला.

"खबर है कि यहाँ आतंकवादी के लिए दुआ होती है."

"होते," पाळक म्हणाले. "तो सुधरावा म्हणून."

"सुधरा?"

"अजून नाही."

मुन्नालालने ते लिहून घेतलं, चहा घेतला, आणि निघताना आवाज खाली आणून म्हणाला, "हमारे साहब का नाम भी चला देते तो..."

"साहेब राहतात कुठं?"

"गोंदिया. क्वार्टर में."

"मग नाही जमत. ठराव आहे."

मुन्नालाल खिन्न होऊन गेला. साहेबांची बदली परदेशात होण्याची शक्यता नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, २००३ च्या डिसेंबरात, बगदादचा हुकूमशहा एका खड्ड्यात सापडला. संजूच्या टीव्हीवर गुणवंताने त्याची वाढलेली दाढी पाहिली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. पाळकांनी लगेच निर्णय दिला, "आता तो वैरी नाही राहिला. बंदिवान झाला. बंदिवानांची प्रार्थना वेगळी, सगळ्यांची मिळून."

"अना माही पाळी तं नाताळाच्या आधीच्या रविवारी हाय," गुणवंता म्हणाला.

"माह्या गुहेवाल्यातला अर्धा घे," कलाबाई म्हणाली. "दोघं मिळून सांभाळू."

गुणवंताने नको म्हणून मान हलवली. त्याच्या मनात दुसरंच होतं. चैनलालच्या मुलीचं, योगेश्वरीचं, लग्न नाताळानंतर ठरलं होतं. गुणवंताला मूलबाळ नाही. योगेश्वरी त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली, आणि त्याला मोठेबाबा म्हणणारी जगात ती एकटीच. गावात घरोघरी बोलावणं फिरलं होतं, मुन्नालालपर्यंत गेलं होतं. गुणवंताच्या दारावरून मात्र बोलावणारा मान खाली घालून पुढे गेला.

"मी चैनलालचं नाव घेतो," तो म्हणाला.

चिंचेखाली बसलेली पंचमंडळी पाळकांकडे पाहू लागली. मग पाळक म्हणाले, "पण तो भारतात राहतो."

"भाऊ हाय माहा."

"तेच तं. ठराव तुहाच हाय, गुणवंता. आम्ही फक्त हात वर केले."

ठराव मोडायचा म्हटलं तर कलाबाईची जाऊ आलीच, पाट्यासकट. तेव्हा चैनलालला परदेशी ठरवता येईल का, यावर संध्याकाळपर्यंत खल झाला. संजू या विषयातला जाणकार. तो म्हणाला, "कंपनीचं मुख्य ऑफिस परदेशात हाय. टोपी कंपनीची. म्हणजे टोपीखालचा माणूस परदेशी."

"अना टोपी काढली तं?" कलाबाईने विचारलं.

"मग आपला चैनलाल."

हे सर्वांना पटलं. टोपी घातलेला चैनलाल वैरी म्हणून मंजूर झाला.

रविवारी गुणवंता धुतलेला सदरा घालून उभा राहिला, घसा साफ केला आणि खिडकीकडे पाहिलं. चैनलाल उघड्या डोक्याने बसला होता. टोपी गुडघ्यावर होती. प्रार्थनाघरात पुरुषाने डोकं झाकायचं नाही, हा नियम ठरावाहून फार जुना. आणि जगाच्या राजकारणात गुंतलेल्या पंचांपैकी एकाच्याही तो ध्यानात आला नव्हता.

गुणवंता तसाच उभा राहिला. 

"काऊन थांबला?" पाळकांनी हळूच विचारलं.

"वैऱ्यानं टोपी काढली हाय, पाळकसाहेब."

माना खिडकीकडे वळल्या. चैनलालला सगळं ठाऊक होतं. चिंचेखाली झालेलं बोलणं गावात कोणाला ठाऊक नसतं? तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "चार वर्सं त्या बगदादवाल्यासाठी रडला. त्याचे दोन्ही पोरं मेले तवा तं उपास धरला. मी याच्या मांगच्या बाकावर बसून आयकत होतो. मी का एवढाही वैरी नव्हतो?"



मग चैनलालने गुडघ्यावरची टोपी उचलली, आतून फुंकर मारली, आणि भर प्रार्थनाघरात डोक्यावर घातली. नीट, कपाळापर्यंत ओढून. बायकांच्या बाजूला कोणीतरी "अगाई" म्हणालं. पाळकांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेची वेळ होती, तेव्हा ते शोभून गेलं.

बगदादसाठी गुणवंता वातीचं तेल संपेपर्यंत बोलायचा. आज शब्द मोजून निघाले. "प्रभू," तो म्हणाला, "हा चैनलाल. यानं माहा धुरा फोडला. लाखोळी बुडवली." मग तो खिडकीकडे वळला. "लहानपणी याले गोवर आला होता तवा मी तुह्याजवळ मागणं केलं होतं. तवा तू आयकलं. तसंच आताही याच्यावर ध्यान ठेव. पोरीचं लगन हाय याच्या घरी."

"आमेन म्हण लवकर," चैनलाल म्हणाला. "मले शरम वाटून राहिली."

आमेन झालं. टोपी पुन्हा गुडघ्यावर आली.

उपासना सुटल्यावर दोघे भाऊ चिंचेखाली उभे राहिले, एकमेकांच्या चपलांकडे पाहत. चैनलाल म्हणाला, "हळद लावाले तू नाही तं कोण? योगेश्वरी तीन दिवसांपासून जेवली नाही धड. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच येजो, वहिनीले घेऊन."

"येतो."

"धुऱ्याचं म्हणशील तं लगनानंतर बांधून देतो."

गुणवंताने घाईघाईने त्याचा हात धरला.

"बांधू नको," तो म्हणाला. "उन्हाळ्यात माही पाळी पुन्हा येते. तवा मी वैरी कुठून आणू?"

चैनलालने विचार केला, आणि टोपी जपून ठेवायचं कबूल केलं.