ओदीलची दोलो

"ताक्को, ही दोलो आहे की करपलेल्या पातेल्याचं धुवण?" ओदीलच्या दारूच्या मांडवात शेजारच्या बाकावरून लासिना शिंपी माझ्या कानाशी पुटपुटला.

"मला काय विचारतोस? मी दूध विकते. नमाजाची टोपी खिशात घालून पितोस तू, तूच सांग ओदीलला."

"आणि उद्यापासून बसू कुठे? तू सांग. तू फुलानी, ती बोबो. तुला सगळं माफ."

खरंच होतं ते. फुलानी आणि बोबो या आमच्या दोन जमातींमध्ये वाडवडिलांपासून मस्करीचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं. रागावेल त्याचीच लाज. मी दारू पीत नाही, पण दोलोसाठीचा मोड आलेल्या ज्वारीचा काढा आंबायला ठेवण्याआधी, गोड असतानाच, ओदील माझ्यासाठी थोडा बाजूला काढते. हल्ली तोही करपट लागत होता. आणि रविवारी तिच्या नातवाचा बाप्तिस्मा. सुनेचं अख्खं माहेर बान्फोराहून येणार, ते हिच्या दोलोची कीर्ती ऐकून.

रिवाजाप्रमाणे ओदीलने भोपळ्याच्या वाटीतला पहिला घोट स्वतः घेतला. "वा!" म्हणाली. बाकांवरच्या सगळ्या माना डोलल्या. "वा!"

मी ओरडले, "गुलामे, यापेक्षा माझ्या गाईचं मूत बरं!"

सगळा मांडव हसला. ओदील तर पोट धरून. "हिला काय कळतंय! दूध पिऊन पिऊन जिभेवर साय धरलीय!"

"करपलीय, बये. मडक्याचा तळ खरवडून बघ."

"ऐका! गुरांमागे फिरणारी मला चूल शिकवतेय!"

पुन्हा हशा. खुशीत तिने लासिनाची वाटी काठोकाठ भरली. त्याने माझ्याकडे बकरीदेच्या बोकडासारखं पाहिलं.

माझ्या तोंडून खरं निघालं तरी ते मस्करीतच जमा होणार, हे तेव्हा कळलं. मी दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ गेले.

"ओदीलताई," म्हटलं.

इतक्या वर्षांत तिला ताई म्हटलं नव्हतं. हसणं जागच्या जागी थांबलं. लासिनाने खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली.

"कोण गेलं गं?" ओदील घाबरून म्हणाली.

"कुणी नाही गेलं. दोलो करपतेय, ताई."

तिने बाकांकडे पाहिलं. एकेकाने वाटीत तोंड खुपसलं. मग ती हळूच माझ्या शेजारी टेकली.

"पावसाळ्यातल्या त्या तापापासून," ती म्हणाली, "मला चवच लागत नाही गं."