नववा प्रश्न आणि ऑड्रीची काठी

मेंढ्याचं शिंग, उकळून, दाबून, कानशीने घासून काठीच्या मुठीच्या आकाराला आणलेलं, आणि अंगठा टेकतो नेमकं तिथेच केसाएवढी रेघ... विल्फने मूठ खिडकीकडे धरली. तडा नव्हता. शिंगाची स्वतःचीच रेघ. हल्ली प्रत्येक रेघ त्याला तडा वाटते.

"मिस्टर टीसडेल, आहात ना?" टेबलावरच्या फोनमधून विमा कंपनीतली मुलगी.

आहे. अकरा दिवस इथेच आहे, विम्याच्या अर्जातल्या नवव्या प्रश्नापाशी. घरामागच्या शेडमध्ये काठ्या करून जत्रेत विकणाऱ्या म्हाताऱ्यालाही आता विमा लागतो. कुणी भार टाकला, काठी मोडली, माणूस पडला, तर? विमा नाही तर मेंढ्यांच्या जत्रेत टेबल नाही. आठ प्रश्न भराभर सुटले. मग—

तुम्ही बनवलेल्या वस्तूने आजवर कुणाला इजा झाली आहे का?

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचंय."

"माहीत नाही."

"माहीत नाही असा चौकोनच नाहीये हो माझ्याकडे."

चौकोन नाही... काठीसाठी हेझलच्या झाडाची फांदी तोडल्यावर वर्षभर तरी वाळवायची, हे मी कितीजणांना शिकवलं, आणि बायकोची काठी केली ती चार महिने वाळलेल्या फांदीची, कारण ऑड्रीचा सत्तरावा वाढदिवस तोंडावर आला होता. ओलं लाकूड आकसतं, मूठ सैल होते. तीन हिवाळ्यांपूर्वी मागच्या पायऱ्यांवर बर्फ, मी शेडमध्ये, आणि कडकन आवाज — लाकडाचा की हाडाचा — मी धावलो, पडलेल्या ऑड्रीचा चेहरा पाहिला, काठी नाही पाहिली. दवाखान्यातून ती परतली नाही. तिच्या बहिणीने, मर्लने, सगळं आवरलं. काठी जिन्याखालच्या कपाटात गेली. ते कपाट मी...

"थांबाल जरा?"

"थांबते. पण माझी जेवायची सुट्टी खाऊ नका हं!"

कपाटात कोट. कोटांमागे कोट. मग हाताला शिंग लागलं, गार.

काठी अखंड होती. त्याने मूठ ओढली, पिळली, गुडघ्यात धरून पुन्हा पिळली. हलेना. मग उलटी केली. टोकाच्या पितळी टोपीवर एक ओरखडा नाही. त्याच्याच कानशीच्या खुणा अजून ताज्या. ही काठी दगडावर कधी टेकलीच नव्हती.

"मर्ल!"

स्वयंपाकघरातून मर्ल पिठाच्या हातांनी बाहेर आली. काठी पाहून थबकली.

"ऑड्री ही वापरायची नाही?"

"ती? म्हातारी दिसेन म्हणायची! दाराला टांगलेली असायची. तू शेडमधून डोकावलास की पटकन हातात घ्यायची. कमाल आहे तुझी, इतकी वर्षं संसार केलास आणि एवढं कळलं नाही?"

"त्या दिवशी?"

"दाराला. मीच तर काढून ठेवली."

दाराला.

तो काठी घेऊनच फोनपाशी परतला.

"नाही," त्याने फोनला सांगितलं. "कुणालाही नाही."

"झालं तर मग! आता जत्रेत टेबल लावा. कागद येतीलच."

फोन बंद झाला. त्याने काठी फरशीवर टेकली, हळूच, मग सगळा भार टाकून. टक्. पेलला. टेकली असतीस तर, ऑड्री... नुसती टेकली असतीस... आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला तिचा राग आला, साधा, घरातला, ती समोर बसून चहा ओतत असताना यायचा तसा.