पालथा गडवा

आमच्या पंथात माणूस मारायला काठी लागत नाही, गडवा लागतो. हे वाक्य मी उत्तमराव वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला. वकिली सोडून ते अकोल्याला एक साप्ताहिक चालवायचे. चार पानांचं, त्यातलं एक पान कापसाच्या भावाचं. मी त्यांच्याकडे गेले कारण दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं. देवाधर्माच्या भानगडीत पडायला सगळ्यांचीच फाटते.

"नीट समजावून सांगा बाई," ते म्हणाले.

नीट सांगितलं. चोखट पंथाची अकोटच्या बाजूला दोनअडीचशे घरं, सगळी शेतकऱ्यांची. गादी आमच्याच गावात. तिथल्या ओट्यावर प्रत्येकाच्या नावाचा पितळी गडवा पाणी भरून ठेवलेला असतो. जो पंथ सोडतो, किंवा गादीवरच्या थोरल्या बाबांना चारचौघांत प्रश्न विचारतो, त्याचा गडवा त्याच्याच घरच्या माणसाच्या हातानं पालथा घालतात. पाणी ओट्यावरून वाहून गेलं की ते माणूस पालथं झालं. मग ते दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचं नाव घेत नाहीत. त्याला कोणी एका शब्दानं उत्तर दिलं तर उत्तर देणाऱ्याचाही गडवा पालथा. शिवीसुद्धा देता येत नाही, शिवी द्यायला समोर कोणीतरी असावं लागतं. मला कित्येकदा वाटलं, एखाद्यानं थोबाडीत तरी मारावी.

माझा गडवा अठ्ठावन्न सालच्या पौषात पालथा झाला. माझी मैना तेव्हा सात वर्षांची होती. मुदतीचा ताप, आणि पंथात औषध वर्ज्य, फक्त गादीचं तीर्थ. अठरा दिवस तीर्थ पाजलं. एकोणिसाव्या दिवशी पोरगी तेही गिळेना, तेव्हा मी गादीसमोर उभी राहून विचारलं, "बाबा, तीर्थानं उतरत नसंल तर दवाखान्यात नेऊ का?" सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. बाबा हसले. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरीला पाठीशी बांधून अकोटला चालत गेले आणि एस.टी.नं अकोल्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

पोरगी वाचली. घरी सोडायच्या दिवशी माझा नवरा जानराव आला, खाटेवरून तिला उचललं आणि चालू पडला. मला वाटलं रागात आहे, निवळेल. मी मागे मागे गेले, त्याच गाडीत बसले, त्याच दारात उभी राहिले. दार माझ्या तोंडावर लावलंही नाही त्यानं. उघडं ठेवलं, आणि मी आत पाय टाकला तसे सगळे उठून मागच्या दारानं निघून गेले. गडवा त्यानंच पालथा घातला होता, मी दवाखान्यात पोरीचं डोकं पुसत होते तेव्हा. मैनेला दोष नव्हता, तिला मी उचलून नेलेलं होतं. तिचा गडवा भरलेलाच राहिला.

मैना पहिले दोन महिने मला बघून रडायची. मग तिला शिकवलं. नंतर मी गावात गेले की ती माझ्या डाव्या-उजव्या बाजूचं सगळं बघायची आणि मधली मी तिला दिसायची नाही.

ज्या दवाखान्यात ती वाचली तिथेच मी आया म्हणून लागले. पंधरा दिवसांनी सुट्टी मिळायची, ती सगळी गावाला जाण्यात जायची. घरामागे गोठा होता, गोठ्याला तुराट्यांचा कूड, कुडापलीकडे नाला. मी नाल्यात बसायची. दुपारी माझी सासू पार्वताबाई म्हशीला पाणी दाखवायला यायची. एक दिवस ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बोलायला लागली.

"भुरे, आपली मैना तिसरीत गेली व. बाई म्हनते हुशार हाये. परवा पडली अन् गुडगा फुटला, पन रडली नाई."

मी तोंडात पदर कोंबला. पार्वताबाईनं कुडाकडे मान वळवली नाही, शपथेला नाही. पण त्यानंतर दर पंधरा दिवसांनी भुरीला सगळ्या बातम्या कळायला लागल्या. मैनेला नवा फ्रॉक शिवला. मैनेला भेंडी आवडत नाही. एकदा म्हणाली, "भुरे, पोरगी झोपेत माय म्हनते कधी कधी. मी तिच्या बापाले सांगत नाई." सासू पंथाची कट्टर होती. तिनं आयुष्यात एक उपास मोडला नव्हता. पण पालथ्याशी बोलू नये असा नियम आहे, म्हशीशी बोलू नये असा नाही, आणि नियमाबाहेर तिनं एक पाऊल टाकलं नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, मलाही. आम्ही दोघी त्या पंथातच वाढलो होतो. नियम म्हणजे नियम, अक्षराला अक्षर, हे आमच्या हाडात होतं.

एकसष्टच्या फाल्गुनात ती म्हणाली, "भुरे, थोरल्या बाबानं मैनाले गादीच्या सेवेले मागतलं. अखजीले देनार. एकदा आत गेली का मंग फाटकाबाहेर येनं नाई. जानराव हो म्हनला." एवढं बोलून ती म्हशीच्या मानेवर कपाळ टेकून उभी राहिली.

आमच्याकडे अक्षयतृतीयेला अखजी म्हणतात. मधे दोन महिनेसुद्धा नव्हते. मी दुसऱ्या दिवशी उत्तमरावांच्या कचेरीत जाऊन बसले.

ते भले माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "हे छापतो. पण लोक म्हणतील नवऱ्यानं टाकलेली बाई बोंबलते आहे. असं काहीतरी द्या की वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

तेव्हा मी म्हशीचं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनीच विचारलं, "यानं म्हातारीला त्रास होईल का? सांगा, हा भाग गाळून टाकतो."

मी म्हटलं, "नाही. ती नियमात आहे."

आज हे लिहिताना स्वतःच्या तोंडावर चप्पल मारावीशी वाटते. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला ते छापून यायला हवंच होतं. त्या अडीचशे घरांत एक तरी माणूस माझ्याशी माणसासारखं वागलं हे सगळ्या जिल्ह्यानं वाचावं असं मला वाटत होतं. तीन वर्षं मी कोणाला दिसले नव्हते. एक म्हातारी मला बघत होती, याचा मला गर्व झाला होता.

अंक निघाला. नाव कोणाचं नव्हतं, पण नाल्याकाठचा गोठा आणि भुरी म्हैस म्हटल्यावर नाव कशाला लागतं? आठ दिवसांत पत्रं आली. बाळापूरच्या एका मास्तरांचं आलं, त्यांना पालथं होऊन नऊ वर्षं झाली होती, आईच्या अंत्ययात्रेमागे ते दोनशे पावलं अंतर ठेवून चालले होते. शेंदूरजन्याहून एका बाईनं लिहिलं, मला वाटलं होतं जगात मी एकटीच. उत्तमरावांनी पुढच्या अंकात ही पत्रं छापली. अमरावतीच्या एका वर्तमानपत्रानं बातमी उचलली. कलेक्टर कचेरीतून अकोटच्या तहसीलदाराला चौकशीचा हुकूम गेला. उत्तमराव मला म्हणाले, "बाई, तुम्ही मोठं काम केलं." मी त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्यानंतर चौथ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी पार्वताबाई उभी दिसली. हातात एक बोचकं, पाय पांढरे धुळीनं.

"दुर्गे," ती म्हणाली. माझं नाव. तिच्या तोंडून.

मला सगळं तिथेच कळलं. तिला आत नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं. ते तिनं प्यायलं नाही, नुसतं हातात धरून बसली.

"बाबानं पेपर वाचला सगळ्याइसमोर," ती म्हणाली. "मले म्हने, म्हातारे, तुह्यं बोलनं म्हशीले समजे का? मी म्हनलं, बाबा, नियमात म्हशीचं कोठी नाई. तर म्हने, ऐकनारी ऐकून राहिली हे तुले ठाव होतं का नोतं? मी कशी खोटं बोलू व गादीसमोर? ठाव होतं म्हनलं."

"मग जानरावनं…"

"जानराव नाई." तिनं ग्लास खाली ठेवला. "बाबा म्हने, जे पोरगी सेवेले येनार हाये तिच्या हातानं होऊ द्या. मैनानं घातला माहा गडवा पालथा. दोन्ही हातानं धरला, अन् घातला. पानी माह्या पायावरून गेलं. मी म्हनलं मैना, तर पोरगी पाह्येच ना."

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ. तू वाईट नाई केलं. पन आता पोरगी झोपेत माय म्हनली तं ऐकाले घरात कोनी नाई." ती मला बोलली नाही याचंच मला जास्त लागलं. बोलली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

चौकशी चैत्रात झाली, अखजीला अकरा दिवस राहिले असताना. तहसीलदार घाटावरचे होते, माणूस सभ्य. त्यांनी मला आधीच सांगितलं, "कायद्यानं मुलगी बापाकडे आहे. पण तिनं स्वतः तुमच्याकडे यायचं म्हटलं, निदान तुमच्या हाकेला 'ओ' दिली, तर मी वर लिहीन. सेवेला देणं थांबवता येईल."

एक 'ओ'. मी चार रात्री तेवढाच विचार केला होता. तिनं मला एक शब्द दिला की पंथ तिला पालथी घालेल, आणि पालथी पोरगी माझी. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मैनेला आत आणलं. दहा वर्षांची, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. जानराव दाराशी थांबला. मी आणि पार्वताबाई भिंतीला लागून उभ्या होतो, तिच्यापासून चार हातांवर.

"बाळ, या बाईंना ओळखतेस?" तहसीलदारांनी विचारलं.

"कोनत्या?" मैना म्हणाली. तिनं भिंतीकडे नीट पाहिलं, लबाडी न करता. तिला भिंत दिसली.

"तुझी आई कुठे आहे?"

"मेली."

"आणि आजी?"

मैनेनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजीले म्या मारलं. पेपरात आलं म्हनून मारा लागलं."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहून हाक मारायची खूण केली.

मी हाक मारली. "मैना." तिनं ऐकलं नाही. पुन्हा मारली. तापात मी तिला जशी हाक मारायची तशी मारली. तिच्या फ्रॉकची कड तिनं मुठीत धरली, बाकी काही नाही. मग पार्वताबाईचा धीर सुटला. ती पुढे झाली, "मैना, माय माही, मी मेली नाई व, पाह्य, मी हाये, तुनं नाई मारलं…" आणि पोरगी थरथरायला लागली. डोळे भिंतीवरच, ओठ घट्ट. आजी बोलत होती आणि पोरीच्या पायाखालची फरशी ओली होत होती. फ्रॉकमधून धार लागली होती. दहा वर्षांची पोर, भर कचेरीत.

तेव्हा मला समजलं की आम्ही तिच्याकडे काय मागत होतो. आम्ही जिवंत असलो तर तिनं आपल्या हातानं जित्या आजीवर पाणी सोडलं होतं. आम्ही मेलेल्या होतो तोवर तिनं फक्त बाबांचं ऐकलं होतं. 'ओ' म्हणायला तिला ते सगळं पोटात घ्यावं लागलं असतं, आणि ती फक्त दहा वर्षांची होती. अजून एक हाक, कदाचित दोन, आणि तिचं काहीतरी तुटलं असतं. शब्द मिळाला असता की पोरगी हातची गेली असती, मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

"तू बी बोल," पार्वताबाई मला म्हणत होती, "हाक मार व दुर्गे, अजून मार."

मी पार्वताबाईच्या तोंडावर हात ठेवला. ती सुटायला धडपडली, माझ्या बोटांना तिचे दात लागले, पण मी हात काढला नाही. तिला भिंतीशी दाबून धरलं आणि श्वाससुद्धा आवाज न करता घेतला. आम्ही दोघी तिथे नव्हतो.

हळूहळू मैनेची थरथर थांबली. तहसीलदारांनी कागदावर 'ओळखत नाही' असं लिहिलं आणि तिला सही करायला सांगितली. तिसरीत गेली तेव्हापासून तिला सही येत होती.