नामानं सुटणारी गाठ

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेल्याला लवकर डुलकी लागते, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नव्हे. ज्यांचा कीर्तनात जीव रमतो त्यांनी तर अगदी जवळ यावं. हिच्यात कीर्तन आहे, आणि या वेळी ते गोड लागणार नाही.

किरनापूरच्या रस्त्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. तिथं मैनाबाई आणि तिचा नवरा महागू राहत. थोडं धान, एक जर्सी गाय चंद्री, आणि महागूच्या हातचे टाळ. कीर्तन ऐकून इतर लोक प्रसाद घेऊन घरी जात. महागू अख्खं कीर्तन घेऊन जाई. दुसऱ्या दिवशी बांधावर ते शब्दाला शब्द बोलून दाखवी.

या महागूच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, हीच तिची लबाडी. मग तिच्या शेजारी दुसरी आली, काखेत तिसरी. संध्याकाळी अंग तापायचं, झोपेत घामानं गोधडी भिजायची. मुलानं, हेमराजनं, बापाला मोटारसायकलवर बसवून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान चाचपली आणि म्हणाले, गाठीत सुई घालून बघू, आणि बहुतेक एक गाठ काढूनच तपासायला पाठवावी लागेल. महागूनं गमछा खांद्यावर टाकला आणि सरळ बाहेर येऊन मोटारसायकलजवळ उभा राहिला.

काहून? तर त्या वर्षीच्या सप्ताहात बालाघाटचे गुणाकरबुवा म्हणाले होते, "बाबांनो, गाठ सुईनं सुटत नाही. सुई लावाल तर अधिकच घट्ट बसेल. गाठ सुटते ती नामानं." मंडपानं टाळ्या वाजवल्या. बुवा बोलत होते अहंकाराच्या गाठीबद्दल. पण महागूचा हात तेव्हाच गळ्याकडे गेला होता. भरल्या मंडपात बुवा आपल्यालाच सांगताहेत, असं त्याला वाटलं.

मैनाबाई रोज भांडायची.

"बुवा डाक्टर हायेत काय?"

"डाक्टरापेक्षा मोठे हायेत."

"त्यायचा दात दुखला तं ते कोठी गेलते? दवाखान्यातच गेलते ना? की दातालेही नाम घेतलं?"

"अवं, दात वेगळा."

"हौ, त्यायचा दात वेगळा न् तुमची मान वेगळी."

महागू हसायचा आणि टाळ उचलायचा. असं वर्ष निघालं. गाठी लिंबाएवढ्या झाल्या, सदऱ्याची वरची गुंडी लागेना. कोणी म्हणे गंडमाळ आहे, कोणी लेप दिला, कोणी दोरा बांधला. महागूनं सगळं करून घेतलं. सुई तेवढी नाही.

मग चंद्रीनं चारा सोडला. अंगात ताप, आणि खांद्यापुढं मुठीएवढी गाठ. गुरांच्या डॉक्टरीण दीपिका मॅडम आल्या. गाठीला हात लावून म्हणाल्या, "गोचीडताप वाटतो. पण नुसत्या हाताला काय समजणार? गाठीतला थेंब काचेवर घेऊन बघते. अंदाजानं दवाई दिली आणि निघालं दुसरंच, तर गाय जाईल."

महागूनं चंद्रीचं डोकं छातीशी धरलं. "उभी राह्य वो माय. मुंगी चावते तेवढंच होते," म्हणत तो तिचं कपाळ खाजवत राहिला. सुई आत गेली, बाहेर आली. चंद्रीनं कान हलवला, बस.

खुंट्याशी उभी असलेली मैनाबाई हे बघत होती. गाईचं शिंग महागूच्या गळ्यातल्या गाठीला घासत होतं.

"गाईले सुई चालते?" ती म्हणाली.

"ते जनावर हाय. तिले नाम घेता येते काय?"

मैनाबाईनं हातातली बादली अशी आपटली की दीपिका मॅडम दचकल्या. पायात चपला घातल्या आणि बालाघाटची बस धरली.

गुणाकरबुवा नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं सज्जन. झोपाळ्यावर चहा पीत बसले होते. "या मैनाबाई. महागू कसा आहे?"

"तुमच्या शब्दानं मरून राह्यला."

बुवांना काही उमजेना. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बुवांचा चहा कपातच राहिला.

"अहो बाई, तो दृष्टांत होता. अहंकाराची गाठ म्हणत होतो मी. एवढं तर माणसाला..."

"एवढं तं काय? समजाले पायजे? तुमी गादीवर उभे राहून बोल्ले. खाली बसलेला मानूस तुमचा शब्द गाठीले मारून घरी नेते. घरी त्या शब्दाचं काय झालं, पाह्याले येता काय तुमी? शेला झटकता न् पुढच्या गावी जाता."

आतून बुवांच्या पत्नी आशालताबाई दारात आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कप ठेवा खाली. चपला घाला आणि यांच्याबरोबर जा."

अंगणात बुवा दिसले तसा महागू पाया पडायला वाकला. बुवांनी पाय मागं घेतले.

"महागू, माझ्या बोलण्यात चूक झाली."

"तुमची चूक नाही होत, बुवा."

"मग आता सांगतो ते ऐक. उद्याच दवाखान्यात चल. ते म्हणतील ते करून घे."

महागू मोकळा हसला. "हौ. इतकंच होतं तं आधी सांगाचं होतं."

तुम्हांला वाटेल, मैनाबाईला आनंद झाला असेल. तिच्या रागाचा खरा भडका उडाला तो इथं. तेच शब्द ती वर्षभर म्हणत होती, रडून, ओरडून, उपाशी राहून. तिच्या तोंडी त्यांची भुणभुण झाली आणि बुवांच्या तोंडी आज्ञा. ती गोठ्यात गेली आणि चंद्रीच्या गव्हाणीत इतका चारा कोंबला की अर्धा खाली सांडला.

महागूची गाठ काढली, तपासली. लिम्फोमा निघाला. शरीराची राखण करायला ज्या गाठी असतात, त्यांतल्याच पेशी बेइमान होऊन बेसुमार वाढतात, तो हा कर्करोग. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यातल्या पुष्कळ प्रकारांना औषध चांगलं लागू पडतं, आधी यायला हवं होतं. आता पोटातही पसरलाय. सलाईनमधून औषध सुरू झालं. गाठी विरघळल्या, वरची गुंडी लागली, महागू एकदा भजनातही बसला. मग गाठी परत आल्या, आणि या वेळी औषधाला जुमानेनात. धान कापणीला आलं तेव्हा महागू गेला.

तेराव्याला गाव जमलं. कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "देवाची इच्छा."

मैनाबाई वाढता वाढता थांबली. बुवाही पंगतीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"देवाचं नाव खराब करू नका," ती म्हणाली. "माह्या देवानं असं काही इच्छिलं नाही. उशीर झाला म्हना. मी सांगत होती न् कोनी आयकलं नाही, असं म्हना. येत नसन म्हनता, तं गुपचूप जेवा."

पंगत गुपचूप जेवली.

आता तुम्ही उठाल, घरी जाल. एवढं मागणं आहे: महागूची आठवण ठेवा. ऐकलेला शब्द खरा मानणारा, गाईचं कपाळ खाजवणारा टाळकरी होता तो. त्याला भोळा म्हणू नका, मैनाबाईला खपत नाही. नुसती आठवण ठेवा.